दोन्ही हातांनी तार दाबून वाजणारी गिटार आली कुठून?

चॅपमन स्टिक नावाची दहा तारांची लांब पट्टी, बॉडी म्हणावी असं काही नाही, आणि वाजवणारा दोन्ही हातांची बोटं तारांवर नुसती आपटतोय, असले व्हिडिओ बघून आपल्याकडची गिटारवाली पोरं विचारायलेत की हे वाद्य कुठलं, कुणी काढलं आणि घरी बनवता येतं का. येतं. त्याचं कारण या वाद्याच्या इतिहासातच आहे, ही वाद्यं जवळजवळ सगळीच कुणा ना कुणा वाजवणाऱ्याने स्वतःला पाहिजे तसा आवाज निघावा म्हणून ठोकठाक करून उभी केलेली आहेत, धंदा नंतर सुरू झाला. म्हणून ते सगळं एकदा नीट मांडतो.

आधी मूळ गोष्ट. साध्या गिटारीत एक हात सूर ठरवतो आणि दुसरा हात तार छेडतो, म्हणजे एका सुराला दोन हात लागतात. टॅपिंगमध्ये बोटाने तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, झटक्यात दाबली की त्या दणक्यानेच ती वाजते, छेडायची गरजच राहत नाही. मग दुसरा हात मोकळा झाला की तोही स्वतःचे सूर वाजवायला घ्या, एका हातात बेस आणि दुसऱ्या हातात चाल. आपल्याकडच्या सतारियांना यातला अर्धा भाग पिढ्यानपिढ्या माहीत आहे, क्रिंतन घेताना डाव्या हाताच्या बोटांनीच तार दाबून-ओढून सूर काढतात, मिजराब (सतार छेडायची नखी) तेवढ्यापुरता थांबलेला असतो. तुर्कस्तानात बागलामा नावाच्या लांब मानेच्या वाद्यावर शेल्पे म्हणून नुसत्या बोटांनी वाजवायची जुनी पद्धत आहे, तिच्यातही हे आहे. त्यामुळे तार दाबून वाजवणं हा अमेरिकेचा शोध आहे असं कुणी सांगितलं तर ते काही खरं नाही.

युरोपात तर याचं अख्खं यंत्र होतं. क्लॅविकॉर्ड म्हणून पेटीच्या आकाराचं वाद्य, १५ व्या शतकापासून ते १८ व्या शतकापर्यंत घरोघरी वाजायचं. पट्टी दाबली की पितळेची छोटी पात वर येऊन तारेवर आदळते आणि बोट उचलेपर्यंत तिथंच टेकून राहते, म्हणजे तीच पात तार वाजवते आणि तीच सूर ठरवते, आणि तारेच्या उरलेल्या टोकाला कापडाची पट्टी विणलेली असते म्हणून ते टोक गप्प बसतं. टॅपिंग गिटारचं तंत्र शब्दशः हेच आहे, कापडाच्या पट्टीसकट. आणि क्लॅविकॉर्डचं दुखणंही तेच, आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत पोचत नाही. मोठ्या हॉलमध्ये ते टिकलं नाही.

म्हणून मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा लाकडाचा किंवा तारांचा नाही, वीज आली तो वाटतो. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बीचमचा चुंबकाचा पिकअप रिकनबॅकरच्या गिटारीवर आला आणि तारेची हालचाल थेट ॲम्प्लिफायरला द्यायची सोय झाली. पुढं हॅरी डीआर्मंड हा पिकअप बनवणारा माणूस १९४० च्या दशकात आपला पिकअप किती नाजूक आवाज उचलतो हे दाखवायला दोन्ही हातांनी तारा नुसत्या दाबून वाजवून दाखवायचा. त्याचा दोस्त जिमी वेबस्टर, ग्रेच कंपनीचा गिटारवादक, त्याने ही पद्धत पक्की केली आणि १९५२ मध्ये ती शिकवणारं पुस्तकही काढलं. म्हणजे पिकअप विकायला केलेल्या डेमोतून वाजवायची एक पूर्ण पद्धत निघाली. पण वेबस्टरची गिटार साधी सहा तारांचीच होती, दोन्ही हात एकाच मानेवर आणि त्याच सहा तारांत, जागा कमी पडायची.

डेव्ह बंकरने त्यावर दोन मानांची गिटार केली, ड्युओ-लेक्टार, १९६१ चं पेटंट. एक मान बेसची, एक गिटारची, एकेका हाताला एकेक. उत्तर बरोबर होतं पण वाद्य अवजड.

मग येतो एमेट चॅपमन, आणि इथं जरा थांबतो. लॉस एंजेलिसमधला जॅझ गिटारवादक, आधीपासूनच स्वतःसाठी नऊ तारांची गिटार बनवून वाजवणारा. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वाजवता वाजवता त्याने गिटारची मान उभ्यासारखी धरली, आणि उजवा हात मानेच्या दुसऱ्या बाजूने असा आणला की त्याची बोटंही फ्रेटच्या रेषेत आडवी बसली. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण सगळा फरक इथंच आहे. वेबस्टरपासून पुढं टॅपिंग करणाऱ्यांचा उजवा हात तारांच्या दिशेने तिरपा यायचा, त्यामुळं एका वेळी एक-दोन बोटंच कामाला यायची. चॅपमनच्या पद्धतीत उजव्या हाताची चारही बोटं डाव्या हातासारखीच चार शेजारच्या फ्रेटवर बसतात, दोन्ही हात बरोबरीचे होतात. हातांची ही ठेवण सापडल्यावर गिटारची बॉडी त्याला नकोशीच झाली, ती अडचण करत होती. १९७० मध्ये त्याने स्वतःसाठी नुसती पट्टी बनवली, कमरेच्या पट्ट्यात अडकवायला एक हूक आणि खांद्याला एक बंद, आणि १९७४ पासून तो ती विकायला लागला. तीच चॅपमन स्टिक. २०२१ मध्ये तो गेला, तोपर्यंत तो आणि त्याच्या घरचे लोक हे वाद्य स्वतःच बनवत होते.

ट्युनिंग त्याने जे लावलं ते बघितलं की माणूस किती विचार करून चालला होता ते कळतं. दहा तारांपैकी पाच मेलडीच्या, त्या एकमेकींपासून चौथ्याच्या अंतरावर, म्हणजे सा-म, सा-म असं चढत जाणाऱ्या. पाच बेसच्या, त्या पाचव्याच्या अंतरावर, सा-प, सा-प. सगळ्यात जाड तार कडेला नाही तर मधोमध, दोन्ही गट मधून बाहेर चढत जातात. स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये बेसच्या गटात ती मधली तार खालचा सी, मग जी, डी, ए, ई. त्या त्या गटात अंतर सगळीकडे सारखं असल्यामुळं एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) शिकली की तीच आकृती त्या गटात कुठंही सरकवा, कॉर्डचा प्रकार तोच राहतो, साध्या गिटारीत बी तारेपाशी अंतर बदलल्यामुळं जो घोळ होतो तो इथं नाही.

पुढचं जगाला माहीत आहे. १९७८ मध्ये रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनमुळे टॅपिंग हा शब्द प्रत्येक रॉक ऐकणाऱ्या पोराच्या तोंडी बसला, पण तो सहा तारांवर, छेडण्याच्या मध्ये मध्ये टॅपिंग करायचा. टोनी लेव्हिनने १९८१ मध्ये किंग क्रिमसन या रॉक बँडमध्ये स्टिक वाजवली, स्टॅन्ली जॉर्डनने १९८५ च्या सुमारास साध्या गिटारीला सगळ्या तारा चौथ्यात लावून दोन्ही हातांचं जॅझ वाजवून दाखवलं. मार्क वॉरने बॉडीवाली टच गिटार बनवली, ती ट्रे गनने किंग क्रिमसनमध्येच वाजवली. माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याने व्हॅन हेलनपेक्षा जॉर्डन जास्त ऐकावा, दोन हात दोन माणसांसारखे कसे वाजतात ते तिथं स्पष्ट कळतं.

आता आपल्या मराठवाड्याकडं. तुळजापूरच्या गोंधळ्याच्या हातातलं तुणतुणं एका तारेवर आख्खी रात्र काढतं, आणि वरातीतला बेंजो तर गावागावांत आहे. हा बेंजो म्हणजे जपानच्या तैशोगोतोचा भाऊ, ते १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिताने काढलं, टाइपरायटरसारखी बटणं दाबून तार अडवायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. ज्याचा डावा हात बेंजोवर तयार आहे त्याला टॅपिंगमध्ये बोटांचा वेग आणि नेमकेपणा आयताच मिळतो, फक्त उजव्या हाताला नवीन काम शिकवावं लागतं. बेंजो वाजवणाऱ्यांनी या वाद्याकडं वळावं असं मला मनापासून वाटतं, गिटारवाल्यांपेक्षा ते लवकर पुढं जातील.

बनवायचं म्हणलं तर पहिलं लाकूड. जुने वाडे पाडताना निघालेलं सागवान मिळालं तर उत्तम, कारण ते कैक वर्षं आपल्याच हवेत वाळलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस डिग्रीची कोरडी हवा आणि जुलैत एकदम दमट, नवीन लाकूड या फेऱ्यात वाकतं आणि आकसलं की फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला लागतात. एकेका तारेचा ताण सात-आठ किलो धरला तरी दहा तारांचा सत्तर-ऐंशी किलो होतो, म्हणून रुंद मानेत दोन ट्रस रॉड, म्हणजे मान वाकू नये म्हणून आत बसवायच्या सळ्या, घालणं बरं.

फ्रेटचा हिशोब सरळ आहे. स्केल म्हणजे नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (खालच्या टोकाला तारा टेकतात तो भाग) तारेची लांबी. सुरुवातीच्या स्टिकची स्केल ३६ इंच होती, पण घरी करताना ३४ इंच घ्या, ती बेस गिटारची स्केल आहे म्हणून बेसच्या तारा सहज बसतात. ३४ इंच म्हणजे ८६३.६ मिलिमीटर, त्याला १७.८१७ ने (फ्रेटच्या हिशोबाचा ठरलेला आकडा) भागा, ४८.४७ येतं, नटपासून तेवढ्यावर पहिला फ्रेट. उरलेल्या ८१५.१३ ला पुन्हा १७.८१७ ने भागलं की ४५.७५, म्हणजे दुसरा फ्रेट नटपासून ९४.२२ वर. असं करत बारावा बरोबर निम्म्यावर, ४३१.८ वर यायलाच पाहिजे, नाही आला तर हिशोब तपासा. खुणा मात्र प्रत्येक वेळी नटपासूनच मोजून करा, एका फ्रेटपासून दुसरा मोजत गेलं की केसभर चूक साठत साठत शेवटी बेसूर होते. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, एक मिलिमीटरच्या आसपास ठेवा, टॅपिंगला उंच तार चालत नाही. आणि नटच्या पुढं तारांखाली फेल्टची पट्टी लावा, क्लॅविकॉर्डमधलं कापड ते हेच. ती नसेल तर बोटाच्या मागचा तारेचा तुकडाही वाजतो आणि सगळा गलका होतो.

पिकअपचं काम आपल्याकडं अवघड नाही, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारे दुकानदार प्रत्येक तालुक्यात आहेत, गुंडाळण्याचा हात त्यांचा बसलेला असतो. त्यांची तार मात्र जाड, पिकअपला ४२ गेजची लागते, ०.०६३ मिलिमीटरची, ती मागवावी लागते. बेस आणि मेलडीचे पिकअप वेगळे ठेवा, दोन जॅक काढा, दोन्ही हातांचे आवाज वेगवेगळे लावता येतात. ब्रिजसाठी वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्याला ड्रॉइंग द्या, पितळेचा छोटा पीस त्यांना किरकोळ काम आहे.

वाजवायला काय घ्यावं, तर बेसच्या तारा पाचव्यात असल्याने एकाच फ्रेटवरच्या दोन शेजारच्या तारा म्हणजे सा आणि प, डाव्या हाताखाली तंबोरा तयारच असतो, फक्त दाबलेला सूर विरत जातो म्हणून तो परत परत टॅप करावा लागतो. मींड नीट निघत नाही, तारा जवळजवळ असल्याने ओढायला जागा नाही, त्यामुळं आलापीपेक्षा अभंग, भारूड, भावगीत यांना हे वाद्य जास्त शोभतं. चाल उजव्या हातात आणि ठेका धरल्यासारखा बेस डाव्या हातात, एकट्या माणसाला पुरतं.

पहिल्यांदाच करणाऱ्याने आठ तारांवर सुरुवात करावी, चार आणि चार. पण मान करताना रुंदी दहा तारांचीच धरा आणि ब्रिजला दोन भोकं रिकामी सोडा, नाहीतर पुढं तारा वाढवायच्या म्हणल्या की नवीन मान करावी लागते.