पार्श्वभूमी : नॉर्थ एंडच्या गल्लीतली टेबलं

बॉस्टनला आलेला पाहुणा नॉर्थ एंड या तिथल्या इटालियन वस्तीत जेवायला जातो, हॅनोव्हर स्ट्रीटवरच्या रांगा बघतो आणि शंभर वर्षं इथं हेच चाललं असणार असं धरून चालतो. शंभर वर्षांपूर्वी इथं इटालियन माणसं दाटीवाटीनं राहत होती हे खरं, पण ती जेवत घरी.

आधी आयरिश, मग ज्यू आणि एकोणिसावं शतक सरताना दक्षिण इटलीतले लोक, असा वस्तीचा क्रम. सिसिलीच्या कोळ्यांची जत्रा 1910 पासून ऑगस्टात भरते. गावाकडं मांस सणासुदीलाच मिळे, इथं ते परवडू लागलं. त्यातून वांग्याची पार्मिजाना (टोमॅटो आणि चीज घालून भाजलेला पदार्थ) चिकनची झाली आणि स्पॅगेटीवर खिम्याचे गोळे आले. रविवारी तासन् तास शिजणाऱ्या टोमॅटोच्या रश्श्याला काही घरांत 'सॉस' म्हणतात, काही घरांत 'ग्रेव्ही'. यावरून भांडणं होतात.

1950 च्या दशकात उन्नत महामार्ग आला आणि वस्ती शहरापासून तुटली. पुढं तो पाडून वाहतूक बोगद्यात नेली, वर बाग झाली (2008). घरं महागली, जुनी कुटुंबं उपनगरांत गेली, रेस्टॉरंटं वाढली.

आताचा वाद रस्त्यावरच्या टेबलांचा, 2020 पासूनचा. कोविडमध्ये शहरानं पार्किंगच्या जागेत टेबलं मांडू दिली आणि अरुंद गल्ल्या एकदम युरोपसारख्या दिसू लागल्या. पाहुणे खूश. रहिवाशांच्या वाट्याला मात्र कचरा, उंदीर, रात्रीचा गोंगाट आणि गाडी लावायची पंचाईत. 2022 मध्ये शहरानं फक्त याच वस्तीतल्या रेस्टॉरंटांवर 7,500 डॉलर शुल्क लावलं, शिवाय पार्किंगच्या प्रत्येक जागेमागं महिन्याला 480 डॉलर. बाकी शहराला हे शुल्क नव्हतं. मालक चिडले, आणि 'आम्हालाच का' हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पण जेमतेम चौरस किलोमीटरभर जागेत इतकी रेस्टॉरंटं बाकी शहरात कुठंच नाहीत, हे ते सोयीनं विसरत.

2023 मध्ये शुल्काचा प्रश्नच मिटला: रस्त्यावरची टेबलं इथं बंद. फुटपाथ पुरेसा रुंद असेल तर त्यावर मांडा, एवढीच मुभा. रेस्टॉरंटांची दाटी, वाहतूक आणि आसपासची बांधकामं ही कारणं दिली गेली. त्या उन्हाळ्यात विमानतळाकडून येणारा बोगदाही दुरुस्तीसाठी बंद होता. मालकांनी ही इटालियनांविरुद्धची आकसाची वागणूक ठरवली आणि प्रकरण फेडरल न्यायालयात नेलं. आकसाचा मुद्दा जरा ताणलेलाच वाटतो. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांत इटालियन आडनावंही होतीच.

पाहुण्यानं यातून घ्यायचं ते इतकंच, की बाहेर बसायचं टेबल गृहीत धरू नये. कॅनोली (तळलेल्या कुरकुरीत नळीत रिकोटा हे मऊ चीज गोड करून भरलेली मिठाई) घेताना मात्र कवच तयार ठेवून रिकोटा मागणीनंतर भरणारं दुकान शोधावं. आधीच भरून ठेवलेली कॅनोली शेवपुरीच्या पुरीसारखी मऊ पडते. (इटालियनमध्ये एक असेल तर 'कॅनोलो', पण इथं तसं मागणारा पाहुणाच ठरतो.) दोऱ्यानं बांधलेला खोका घेऊन लोक बागेतल्या बाकांवर जातात. महामार्ग याच जागेवरून जायचा.