थंड पाण्यात बुडालेला माणूस तासाभरानेही वाचतो?

वाचतो, असं सांगताना स्वीडिश डॉक्टर ॲना बोगेनहोल्म यांचा दाखला हमखास दिला जातो. 1999 मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना त्या गोठलेल्या ओढ्यात पडून बर्फाखाली अडकल्या. 80 मिनिटांनी बाहेर काढलं. शरीराचं तापमान 13.7 अंश सेल्सियसवर उतरलेलं, तरी त्या वाचल्या. हे खरं आहे. पण सांगताना एक गोष्ट गळते: बर्फाखाली त्यांना हवेची पोकळी सापडली होती आणि सुमारे 40 मिनिटं त्या श्वास घेत होत्या. हृदय थांबेपर्यंत मेंदू इतका गारठला होता की त्याला प्राणवायू फारच थोडा लागत होता. आधी गारठा, मग श्वास बंद. सगळं या क्रमावर आहे.

एरवी गार पाणी आधी घातच करतं. अंगाला लागताच जोराची धाप लागते. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत. दहाएक मिनिटांत बोटांना दोरीही धरवत नाही, पट्टीचा पोहणाराही बुडतो.

आपल्या विहिरी-धरणांचं पाणी तर बर्फाळ नसतंच. तिथे बुडालेल्याला उलटं टांगण्यात, पोट दाबण्यात एक क्षणही घालवू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा, दुसऱ्याला 108 लावायला सांगा.