जुन्या हॅम सेटला मायक्रोफोन कुठला?

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) जुना ट्रान्समीटर दुरुस्त झाला, की हाताशी असलेला एखादा चांगला मायक्रोफोन त्याला लावून पाहिला जातो. आवाज एक तर पुसट येतो, नाहीतर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पुष्कळदा बिघाड कशातच नसतो. मायक्रोफोनच्या सॉकेटमागचं सर्किट वेगळ्याच मायक्रोफोनसाठी बांधलेलं असतं.

पहिला मान कार्बनचा. १८७०च्या दशकात तो टेलिफोनसाठी तयार झाला. पडद्यामागच्या कोळशाच्या कणांवर आवाजाचा दाब पडला की त्यांचा रोध बदलतो. त्यातून सतत करंट खेळवावा लागतो, पण सिग्नल दणकट मिळतो. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी टी-१७ याच जातीचा. कण गच्च बसून आवाज दबला, तर हलकी टिचकी मारून ते मोकळे करायचे. मात्र अशा सॉकेटवर डीसी (एकाच दिशेचा विद्युतदाब) असतो, म्हणून डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा) मायक्रोफोन लावण्याआधी तिथे मीटर धराच.

मग आला क्रिस्टल, आणि हॅम मंडळींचा खरा जीव जडला तो यावर. १९३३ सालचा अॅस्टॅटिक कंपनीचा डी-१०४, काठीवरच्या गोल लॉलीपॉपसारखा दिसणारा, कितीतरी दशकं टेबलांवर उभा राहिला. त्याच्या पोटात रोशेल मिठाचा, म्हणजे दाब पडला की वीज देणाऱ्या एका क्षाराचा, स्फटिक असतो. विजेच्या दृष्टीने हा स्फटिक म्हणजे छोटा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग). पुढे काही मेगओहमचा भार मिळाला तरच बोलण्यातला खर्ज टिकतो. व्हॉल्व्हच्या ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या टोकाला) तसा रोध ठेवणं सहज जमे, म्हणून ही जोडी इतकी जुळली. हाच मायक्रोफोन ट्रान्झिस्टर सेटच्या ६०० ओहमच्या इनपुटला थेट लावला, की खर्ज गायब होतो आणि आवाज चिरका, क्षीण निघतो.

सिरॅमिक मायक्रोफोनने ओलावा सोसला, डायनॅमिकने धक्के. एसएसबी, म्हणजे अरुंद पट्ट्यातून बोलणं पाठवण्याची पद्धत, आल्यावर साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढंच पुरेसं ठरलं. मायक्रोफोनही त्याच पट्ट्यात धारदार बोलणारे निघाले, शुअर ४४४ हा त्यातलाच.

रोशेल मीठ दमट हवेत विरघळतं आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचं बिघडतं. त्यामुळे बाहेरून लखलखीत क्रोम असलेला डी-१०४ आतून मुका असू शकतो. घेण्याआधी तो बोलून पाहावा. मुका निघालाच, तर जुनं कवच तसंच ठेवून आत इलेक्ट्रेट (छोटासा मायक्रोफोन) आणि एक एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बसवता येतो. अस्सलपणाचा हट्ट असणाऱ्यांना हे पटत नाही. पण तो सेट पुन्हा हवेवर बोलला पाहिजे, हे मला जास्त मोलाचं वाटतं.