बिघाड लपवायचे नाहीत: समाजाने घडवलेल्या लिनक्सची पार्श्वभूमी

लिनक्सवरचा संगणक बिघडला आणि कुणाकडे मदत मागितली, की उत्तराआधी उलटे प्रश्न येतात. कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता तयार संच? कोणती आवृत्ती? कोणत्या पॅकेजमध्ये अडचण आहे? लॉगमध्ये, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदींत, नेमकं काय आलंय? नव्या माणसाला हे रुक्ष वाटतं, कधी तुसडंही. पण या प्रत्येक प्रश्नामागे कधीतरी झालेली मोठी मोडतोड आहे. समाजाने चालवलेल्या डिस्ट्रोंची आजची रचना, त्यांचे नियम आणि त्यांची साधनं अशाच बिघाडांतून आकाराला आली आहेत. ते बिघाड सगळ्यांसमोर मांडण्याची सवय ही माझ्या मते या मंडळींची सर्वांत मोठी कमाई आहे. ती सवय कशी लागली, हे सांगण्यासाठी हे टिपण.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ पर्यंत त्या प्रकल्पाकडे कंपायलर, शेल, डीबगर असं बरंच काही तयार होतं, पण वापरण्याजोगा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नव्हता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने मिनिक्स ही शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना कळवलं, की आपण ३८६ जातीच्या संगणकांसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत आणि मिनिक्समधलं काय आवडतं, काय खटकतं हे लोकांनी सांगावं. पहिल्या परवान्यानुसार हा कर्नल पैसे घेऊन वाटता येत नव्हता. १९९२ मध्ये त्याला जीपीएल हा ग्नूचा परवाना लागला आणि ती अट गेली. त्यामुळे कर्नल, ग्नूची साधनं आणि इतर सामान एकत्र बांधून वाटणं कुणालाही शक्य झालं.

ही बांधाबांध म्हणजेच डिस्ट्रो. १९९२ च्या सुरुवातीला मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरमधून एमसीसी इंटरिम लिनक्स आली. त्याच वर्षी पीटर मॅक्डोनाल्ड यांची सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम, म्हणजे एसएलएस, आली. फ्लॉपींचा गठ्ठा, त्यात एक्स विंडो या चित्रमय पडद्याच्या सॉफ्टवेअरपासून नेटवर्किंगपर्यंत सगळं. एसएलएस झपाट्याने पसरली, पण तिच्यात चुका फार होत्या आणि त्या दुरुस्त होऊन येत नव्हत्या. लोक आपापल्या मशीनवर त्याच त्या चुका निस्तरत बसायचे. एकाने शोधलेला उपाय दुसऱ्यापर्यंत पोचायला ठरलेली वाट नव्हती.

या एका बिघडलेल्या डिस्ट्रोतून दोन टिकाऊ डिस्ट्रो निघाल्या. मिनेसोटातल्या मूरहेड इथे शिकणारा पॅट्रिक व्होल्कर्डिंग एसएलएसमधल्या चुका दुरुस्त करत होता. त्या दुरुस्त्यांसकट त्याने १७ जुलै १९९३ रोजी स्लॅकवेअर प्रसिद्ध केली, ती आजही चालू आहे. पर्ड्यू विद्यापीठातल्या वीस वर्षांच्या इयन मर्डॉकचा मार्ग वेगळा होता. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने डेबियन जाहीर केली आणि पुढे आपला जाहीरनामाही लिहिला. डिस्ट्रो बांधणं हे एकट्या माणसाचं काम नाही, ते उघडपणे आणि अनेकांनी वाटून घेऊन करायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं.

काम वाटून घ्यायचं तर त्याचे तुकडे पाडावे लागतात. डेबियनमध्ये हा तुकडा म्हणजे पॅकेज. प्रत्येक पॅकेजला मेंटेनर, म्हणजे त्याची काळजी घेणारा माणूस, असतो आणि त्याचं नाव पॅकेजच्या आतच नोंदलेलं असतं. आपल्याला चालायला आणखी काय लागतं, कशाशी आपलं पटत नाही, हेही पॅकेज स्वतः सांगतं. डीपीकेजी हे साधन ती माहिती वाचून इन्स्टॉल करायचं की नाही हे ठरवतं. आज हे सगळं इतकं सरावाचं झालंय की त्याचं महत्त्व जाणवत नाही. पण 'कोणत्या पॅकेजमध्ये अडचण आहे' हा प्रश्न या रचनेमुळेच विचारता येतो, कारण त्याच्या उत्तरासोबत जबाबदार माणूसही सापडतो.

डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेजला चालायला लागणाऱ्या इतर गोष्टी, लिहून ठेवण्याची गरज किती खरी होती, हे सी लायब्ररीच्या बदलाने दाखवून दिलं. लिनक्सवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम सी लायब्ररीवर, म्हणजे मूलभूत कामांच्या तयार कोडवर, उभा असतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लिनक्सची स्वतःची वेगळी लायब्ररी होती, तिची पाचवी पिढी म्हणजे लिबसी-५. नंतर सगळ्यांनी ग्नूच्या ग्लिबसीकडे जायचं ठरवलं. तिची रचना वेगळी असल्यामुळे जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत नव्हते आणि नवे जुन्या लायब्ररीवर चालत नव्हते. त्यातून वाईट म्हणजे, एखाद्या प्रोग्रॅमने एक लायब्ररी ओढली आणि त्याच्या मदतनीस लायब्ररीने दुसरी, तर दोन्ही एकाच प्रक्रियेत शिरायच्या आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळायचा. डेबियनने हा बदल जुलै १९९८ मधल्या २.० आवृत्तीत पूर्ण केला. त्यासाठी शेकडो पॅकेजेस पुन्हा बांधावी लागली. कोणत्याही ग्लिबसीवाल्या लिनक्सवर एलडीडी या लायब्ररी दाखवणाऱ्या कमांडने एखादा प्रोग्रॅम तपासला, की यादीत 'लिबसी.एसओ.६' दिसतं. त्यातला सहाचा आकडा त्याच स्थलांतराचा आहे.

आर्च लिनक्समध्ये एकच पॅकेज नवं करून बाकीची जुनी ठेवू नका असं बजावून सांगतात, त्यामागचं कारणही हेच. आर्च २००२ मध्ये सुरू झाली. तिच्यात ठरावीक आवृत्त्या नसतात, पॅकेजेस सतत पुढे सरकत राहतात. नवं पॅकेज नव्या लायब्ररीवर बांधलेलं असतं आणि तुमच्या मशीनवर जुनी असेल तर ते उघडतच नाही. 'शेअर्ड ऑब्जेक्ट (म्हणजे लायब्ररीची फाइल) सापडत नाही' अशी तक्रार दिसली, की बहुतेक वेळा अर्धवट अपडेट झालेलं असतं. मशीन उघडून अंदाजाने फाइली हलवण्यापेक्षा पूर्ण अपडेट करणं हा तिथला पहिला उपाय.

आता बिघाडाच्या नोंदींकडे येऊ. डेबियनची बग नोंदवण्याची व्यवस्था इयन जॅक्सनने १९९४ मध्ये उभी केली. ती ईमेलवर चालते. मेल पाठवला की बगला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकावर पाठवलेला प्रत्येक मेल त्या नोंदीत जमा होतो आणि क्रमांकाला 'डन' जोडलेल्या पत्त्यावर लिहिलं की बग बंद होतो. सगळं सगळ्यांना वाचता येतं. रिपोर्टबग हे छोटं साधन तक्रारीसोबत पॅकेजची आवृत्ती, कर्नल आणि डिपेंडन्सीच्या आवृत्त्या आपणहून जोडतं, म्हणजे वर सांगितलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली असतात. जुलै १९९७ मध्ये डेबियनने आपला सामाजिक करार मंजूर केला. आम्ही अडचणी लपवणार नाही, बगचा संपूर्ण साठा कायम लोकांसाठी खुला राहील, असं त्यातलं एक कलम आहे. ही भाषा मला आजही धाडसी वाटते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तेव्हा उणिवा झाकण्याचीच रीत होती.

खुल्या नोंदींचा ताणही येतो. बगला गंभीरतेची पायरी द्यावी लागते. सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांवरचा बग असेल तर ते पॅकेज पुढच्या आवृत्तीत जाऊ शकत नाही. २००० सालच्या अखेरीस 'टेस्टिंग' नावाचा मधला टप्पा आला. नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं. तातडीनुसार दोन, पाच किंवा दहा दिवसांत नवा गंभीर बग निघाला नाही आणि डिपेंडन्सी जुळल्या, तर ते आपोआप टेस्टिंगमध्ये जातं. तरीही जुलै २००२ च्या आवृत्तीनंतरची पुढची आवृत्ती यायला जून २००५ उजाडला. लोक वैतागले. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, ती डेबियनच्या पॅकेजांवरच पण दर सहा महिन्यांच्या वेळापत्रकाने.

कर्नलच्या बाजूला बिघाड शोधण्याची एक सुंदर पद्धत २००५ मध्ये हाती आली. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या बिटकीपर या साधनाची मोफत सोय बंद झाल्यावर टॉरव्हाल्ड्सने त्या एप्रिलमध्ये गिट लिहिलं आणि त्याच वर्षी त्यात 'बायसेक्ट' आलं. समजा मागच्या कर्नलवर आवाज येत होता, नव्यावर येत नाही आणि मधे दहा हजार बदल आहेत. बायसेक्ट मधला बदल काढून देतं. तो बांधा, बूट करा, आवाज येतो का पाहा, 'गुड' किंवा 'बॅड' सांगा. प्रत्येक फेरीत उरलेले बदल निम्मे होतात, म्हणून चौदाएक फेऱ्यांत नेमका दोषी बदल सापडतो. यासाठी कर्नल कळावा लागत नाही, चिकाटी लागते. ड्रायव्हरची एक ओळही न वाचलेला माणूस नेमका दोषी बदल दाखवून देतो, तेव्हा 'समाजाने घडवलेली' हे शब्द खरे ठरतात.

पण सगळं उघड असलं तरी चूक नजरेतून सुटते, आणि डिस्ट्रोच्या बाबतीत ती एका ठरावीक जागी सुटते: मूळ सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते पॅकेजमध्ये बांधणारे यांच्या मधल्या फटीत.

१३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर केलं, की आपल्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजमधून तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या आहेत. चूक सप्टेंबर २००६ पासूनची होती. झालं असं, की व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं साधन ओपनएसएसएलच्या दोन ओळींबद्दल कुरकुर करत होतं: सुरुवातीची किंमत न दिलेली मेमरी वाचली जातेय. मेंटेनरने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलं, उत्तर अनुकूल वाटलं, आणि दोन्ही ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक ओळ यादृच्छिक आकड्यांच्या साठ्यात खरी अनिश्चितता मिसळत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक आणि त्याच्या शक्यता ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर ठरावीक लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच, कुणीही बसून सगळ्या बनवाव्यात. लुचानो बेलोने हे शोधून काढलं. डेबियनने दुरुस्तीबरोबर कमकुवत किल्ल्यांच्या काळ्या याद्या पॅकेज करून दिल्या. जगभरातल्या प्रशासकांना किल्ल्या बदलत बसावं लागलं. उबुंटूही त्याच पॅकेजवर असल्यामुळे तिथेही तेच.

हा पॅच, म्हणजे मूळ कोडवर चढवलेला बदल, उघड होता, वाचायला कुणाची मनाई नव्हती, तरी पावणेदोन वर्षं तो तसाच राहिला. डेबियनमध्ये पुढे प्रत्येक बदल वेगळी पॅच-फाइल म्हणून ठेवण्याची आणि तो मूळ लेखकांना कळवला का, हे त्यातच नोंदवण्याची शिस्त रुळत गेली. मेंटेनरचं काम फक्त पॅकेज बांधण्याचं नसून दोन्ही बाजूंना एकमेकांचं काय चाललंय हे कळवत राहण्याचंही आहे, हे तेव्हापासून कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

तीच फट २०२४ मध्ये कुणीतरी मुद्दाम वापरली. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियन अनस्टेबलवर वेगमापन करत होते. मशीन शांत असायला हवं, तर एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या प्रक्रिया प्रोसेसर खाताना दिसल्या. मोजलं तर लॉगिनला ०.२९९ सेकंदांऐवजी ०.८०७ सेकंद लागत होते. काही आठवड्यांपूर्वी स्वयंचलित चाचण्यांत व्हॅलग्रिंडने दिलेला एक विचित्र इशाराही त्यांना आठवला. या वेळी इशाऱ्याचा माग सोडला गेला नाही. तो एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीपर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे आत शिरण्याची चोरवाट, आहे असं जाहीर केलं.

घातक भाग चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत लपवला होता. तो उलगडणारी स्क्रिप्ट गिटच्या साठ्यात नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. एका टोपणनावाच्या सहभागीने दोनेक वर्षं चांगलं काम करून, थकलेल्या मूळ लेखकाचा विश्वास मिळवून तिथपर्यंत पोच साधली होती. आणि मूळ ओपनएसएसएच ही लायब्ररी वापरतच नाही. सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला 'सेवा सुरू झाली' असं कळवता यावं म्हणून डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रोंनी ओपनएसएसएचला एक पॅच लावला होता, त्यातून सिस्टमडीची लायब्ररी यायची आणि तिच्या मागून एक्सझेडची. हल्ला करणाऱ्याने डिपेंडन्सीची ही साखळी नीट अभ्यासली होती. जुलै २०२४ मधल्या ९.८ आवृत्तीत ओपनएसएसएचने तो निरोप लायब्ररीशिवाय, स्वतःच्याच कोडमधून देण्याची सोय केली, म्हणजे तसा पॅच लावण्याचं कारणच उरलं नाही.

हे सगळं उघडकीला आलं तेव्हा बाधित आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये होत्या, स्थिर आवृत्तीपर्यंत पोचल्या नव्हत्या. उबुंटूने २४.०४ ची बीटा आठवडाभर लांबवली आणि दरम्यान बांधलेली पॅकेजेस पुन्हा बांधली. डेबियनने जुना, विश्वासाचा कोड परत आणला, पण डीपीकेजी आकड्यांत मागे जाणाऱ्या आवृत्तीला अपडेट मानत नाही. म्हणून लोकांच्या मशीनवर आलेल्या दुरुस्त पॅकेजचा क्रमांक होता ५.६.१+रिअली५.४.५-१. दाखवायला ५.६.१, आत खरोखर ५.४.५, आणि हे दोन्ही क्रमांकातच लिहिलेलं.