लाख कोटीत एक

चिप वाळूपासून बनते, वाळू आपल्याकडे अमाप, तेव्हा कोणी कितीही निर्बंध घातले तरी आपलं काय अडणार, असं हल्ली बरेचदा ऐकू येतं. वाळूवर कोणी निर्बंध घालतही नाही. २०१९ च्या जुलैत जपानने दक्षिण कोरियाची कोंडी केली ती तीन रसायनांवर. त्यांतलं एक होतं हायड्रोजन फ्लोराइड. काच खाणारं आम्ल म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख झालेली असते.

चिपच्या कारखान्यातही ते हेच काम करतं. चिप जिच्यावर घडवतात ती सिलिकॉनची चकती हवेत ठेवली की तिच्यावर एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. पुढचा थर चढवण्याआधी तो काढावा लागतो. त्यासाठी सुमारे ४९ टक्क्यांचं आम्ल शंभरपट पाण्यात मिसळतात आणि चकती त्यात बुडवतात. मिनिटाला दोन-तीन नॅनोमीटर ऑक्साइड विरघळतो, खालच्या सिलिकॉनला मात्र आम्ल जवळजवळ हात लावत नाही. चकती बाहेर काढली की अळूच्या पानावरून ओघळावं तसं पाणी ओघळून जातं. ऑक्साइड गेल्याची ती खूण.

धोका नेमका याच क्षणी असतो. मोरचूदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांब्याचा लाल थर चढतो, हा प्रयोग अनेकांनी केला असेल. इथेही तेच होतं. तांब्याची इलेक्ट्रॉनची ओढ सिलिकॉनपेक्षा जास्त. त्यामुळे आम्लात तांब्याचे आयन असतील तर ते उघड्या पडलेल्या सिलिकॉनकडून इलेक्ट्रॉन घेऊन तिथेच चिकटतात. म्हणजे जे आम्ल सफाईसाठी वापरलं, तेच घाण चढवतं. पुढे भट्टीच्या उष्णतेत तांबं सिलिकॉनमध्ये खोल शिरतं. मग मेमरी चिपच्या घरांत साठवलेला विद्युतभार गळू लागतो. सोडियमची तऱ्हा वेगळी: त्याचे आयन ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे चिपमधल्या विजेच्या सूक्ष्म स्विचच्या, ऑक्साइडमध्ये सरकत राहतात आणि ट्रान्झिस्टर कोणत्या व्होल्टेजला चालू होईल याचा भरवसा उरत नाही.

म्हणून हे आम्ल ‘बारा नवांचं’ लागतं: ९९.९९९९९९९९९९ टक्के शुद्ध. मिसळलेलं पाणी यात धरत नाहीत; बाकीची अशुद्धी लाख कोटी भागांत एक भाग. दहा हजार लिटरचे पाण्याचे सहा टँकर घ्या आणि त्या सगळ्यांत मिळून मिठाचा एकच कण टाका, साधारण तेवढी.

अवघड भाग आर्सेनिकचा. फ्लोराइटच्या खनिजावर गंधकाम्ल टाकून हे रसायन बनवतात आणि खनिजातलं आर्सेनिक सोबत येतं. हायड्रोजन फ्लोराइड १९.५ अंश सेल्सिअसला उकळतं, पण नुसत्या ऊर्ध्वपातनाने आर्सेनिक पुरतं सुटत नाही. तेही वाफेबरोबर वर येतं. आधी त्याचं ऑक्सिडीकरण करून न उडणाऱ्या क्षारात ते अडकवावं लागतं. शुद्ध झालेलं आम्ल काचेत ठेवता येत नाही आणि धातूच्या उघड्या टाकीत ठेवलं तर धातू त्यात उतरतो. फ्लोरोपॉलिमरचं, म्हणजे टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचं, अस्तर लागतं. वर्षभराचा साठा करून निर्धास्त बसण्याजोगा हा माल नाही.

जपानने ४ जुलै २०१९ पासून बंदी नव्हे, परवान्याची पद्धत बदलली. आधी तीन वर्षांचा एकत्रित परवाना मिळे, आता दर खेपेला वेगळा अर्ज आणि छाननीला ९० दिवसांपर्यंत वेळ. त्या ऑगस्टमध्ये जपानमधून कोरियाला हायड्रोजन फ्लोराइडची निर्यात शून्य झाली.

दुसऱ्याकडून घ्यायचं म्हटलं, तर नमुना तपासून लगेच भागत नाही. एक चकती शेकडो पायऱ्यांतून जाते, त्याला दोन-तीन महिने लागतात. आम्लातला दोष शेवटच्या विद्युत चाचणीत दिसतो, तोवर मागच्या हजारो चकत्या त्याच आम्लातून गेलेल्या असतात. म्हणून नवं आम्ल आधी उत्पादनाच्या एखाद्याच ओळीवर, कमी नाजूक पायरीला लावतात.

तरीही सॅमसंग आणि एसके हायनिक्स या कोरियन चिप कंपन्यांचे कारखाने थांबले नाहीत. कोरियाच्या सोलब्रेन कंपनीने बारा नवांचं द्रवरूप आम्ल मोठ्या प्रमाणावर बनवण्याची क्षमता उभी केल्याचं २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. जूनमध्ये एसके मटेरियल्सने ९९.९९९ टक्के शुद्ध हायड्रोजन फ्लोराइड वायूचं उत्पादन सुरू केलं. जपानी पुरवठादारांचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. मार्च २०२३ मध्ये जपानने निर्बंध उठवले, पण तोवर कोरियन कारखान्यांनी घरचं आम्ल तपासून आपल्या ओळींवर बसवलेलं होतं.

‘स्वावलंबन झालं’ म्हणून तेव्हा गाजावाजाही झाला. मात्र जपान काय किंवा कोरिया काय, शुद्धीकरणासाठी लागणारा कच्चा माल आजही मोठ्या प्रमाणात चीनमधूनच येतो.