ग्रहण, पूर आणि बटाट्याचा दर: आधी सांगता येणे म्हणजे नेमके काय?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात घरोघरी भिंतीवर टांगलेल्या पंचांगात दोन अंदाज जवळजवळ छापलेले असतात. एक ग्रहणाचा: स्पर्श, मध्य, मोक्ष, सगळे मिनिटापर्यंत. दुसरा पावसाचा: मृगाचे वाहन काय, आर्द्राचे काय. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की भरपूर पाऊस, असा संकेत. पहिला अंदाज चुकत नाही. दुसरा कधी लागतो, कधी नाही.

गंमत अशी की दोन्ही गणितानेच काढलेले असतात. सूर्य नव्या नक्षत्रात जातो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे, उरेल त्या बाकीवरून वाहन ठरवायचे. आकडेमोड बिनचूक असते, फक्त तिच्यात पाऊस कुठेच नसतो. शिवाय वाहन सगळ्या मुलखाला एकच. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस, तर त्याच जिल्ह्यात अथणीला सहाशेच्या आसपास. तेव्हा गणित पक्के असणे आणि घटना आधी कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रहणाचे गणित टिकले, कारण सूर्य-चंद्राच्या चाली थोड्या आहेत आणि पुन्हा पुन्हा येतात. १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी तसेच ग्रहण परत येते, हे बाबिलोनच्या ज्योतिष्यांना ठाऊक होते. वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून ते ग्रहण त्याच गावातून दिसेलच असे नाही. आपल्याकडे गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ १५२० च्या सुमाराचा. त्यातल्या सोप्या रीतींवर पंचांगे शतकानुशतके चालली, पण बारीक चूक दरवर्षी साचत गेली. बागलकोटला शिक्षक असलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या वेधांवरून ‘ज्योतिर्गणित’ रचले, ते हाच फरक काढण्यासाठी.

युरोपात हा आत्मविश्वास आणखी वाढला. हॅलीने सांगितलेला धूमकेतू १७५८ च्या नाताळात खरोखर दिसला. लाप्लासने १८१४ मध्ये लिहिले, की विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची बले जाणणाऱ्या बुद्धीला भविष्यही भूतकाळाइतकेच स्वच्छ दिसेल. आधी न कळणे म्हणजे केवळ आपले अज्ञान, हा अर्थ तेव्हा पक्का झाला. पुढच्या बहुतेक शास्त्रांनी तो आपापल्या परीने मोडला.

पहिला तडा खगोलशास्त्रातच गेला. तीन गोलांचे एकमेकांना ओढण्याचे गणित सोडवताना फ्रेंच गणिती प्वांकारेला १८९० च्या सुमारास दिसले, की नियम पूर्ण माहीत असूनही सुरुवातीचा किंचित फरक पुढे प्रचंड होऊ शकतो. १९६१ मध्ये हेच हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झच्या संगणकावर उघडे पडले. हवामानाची आकडेमोड मधूनच पुन्हा सुरू करताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी कागदावर छापलेले ०.५०६ भरले, आणि थोड्याच वेळात जुन्या आणि नव्या आकडेमोडीतल्या हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

हे साध्या कॅल्क्युलेटरवर करून बघता येते. एखादी संख्या घ्या, ती एकातून वजा करा, दोन्हींचा गुणाकार करून चारने गुणा. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ०.३ पासून सुरू केले तर ०.८४, ०.५३७६, ०.९९४३ असे आकडे येतात. ०.३०१ पासून केले तर ०.८४१६, ०.५३३२, ०.९९५६. तीन पायऱ्या जोडीने चालतात. आठव्या पायरीला मात्र पहिल्याचे ०.४४८ आणि दुसऱ्याचे ०.७१९. यात योगायोगाचा कणही नाही, सगळे नियमाने झाले. रोजच्या हवामानाची आधी कळण्याची हद्द साधारण दोन आठवडे धरतात, तिचे मूळ हेच. उपग्रह वाढवून ती थोडी लांबते, पण सुटत नाही.

मग चार महिन्यांच्या पावसाळ्याचा अंदाज एप्रिलमध्ये कसा देतात? कारण तिथे प्रश्नच वेगळा असतो. अमुक तारखेला पाऊस पडेल का, हे तो अंदाज सांगत नाही. हंगामाची बेरीज सरासरीच्या वर जाईल की खाली, एवढेच सांगतो, आणि त्या बेरजेवर समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींचा हात असतो, हे चार्नी आणि शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडले. शोध मात्र जुना. भारतीय हवामान खात्याचा प्रमुख ब्लॅनफर्डने १८८६ मध्ये हिमालयातल्या बर्फावरून पहिला रीतसर अंदाज दिला. १९०४ ला त्याच खात्याचा प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकरने जगभरच्या आकड्यांत मान्सूनचे धागे शोधले. १९८८ पासून सोळा घटकांचे सूत्र वापरात आले आणि बरीच वर्षे ठीक चालले. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता, पडला ८१ टक्के. जुलै जवळजवळ अर्धा कोरडा गेला. अशा सूत्रांत जुने धागे कालांतराने सैल होतात, ही त्यांची नेहमीची खोट. आणि अंदाज बरोबर आला तरी तो देशाच्या सरासरीचा, म्हणजे सुमारे ८७ सेंटिमीटरचा. खानापूरच्या भातरोपाला त्याचा उपयोग बेताचाच.

पुराचे तसे नाही. पूर आधी कळतो, कारण पाण्याला वाटेत वेळ लागतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडची माणसे जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा आणि सदलग्याजवळ दूधगंगेचा विसर्ग बघतात, दोन्हींची बेरीज करतात आणि कल्लोळच्या पुढे कृष्णेत किती येणार ते ताडतात. एक लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) चोवीस तास वाहिले की ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) होतात, हे गुणोत्तर इथे तोंडपाठ असलेले बरे. नदीच्या पात्रात लाट पसरत कशी उतरते याची मस्किंगम नावाची रीत १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या त्याच नावाच्या नदीवर बसवली गेली, ती आजही वापरात आहे.

ती चुकते कुठे? धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेला पाऊस विसर्गाच्या आकड्यात दिसत नाही. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगा-दूधगंगेचे पाणी मागे तुंबते, आणि मग बेरीज लागू पडत नाही. आणि ‘शंभर वर्षांतला पूर’ या शब्दाने तर भलताच घोळ घातला आहे. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता एवढाच. तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के निघते. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना हे पटवून द्यावे लागू नये.

भूकंपशास्त्रात ‘आधी कळणे’ याचा अर्थ आणखी आकसतो. कोयनेत पाणी अडवल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ चा मोठा धक्का बसला. तिथे किती भूकंप होतील याचा नियम सापडतो: तीव्रता एका अंकाने वाढली की संख्या साधारण दहापट घटते. पण अमुक दिवस, अमुक जागा, हे कुणालाच सांगता आलेले नाही. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डचा भूकंप १९८८ च्या आगेमागे, १९९३ पर्यंत होईल असे जाहीर झाले होते, झाला २००४ मध्ये. कराडच्या प्रयोगशाळेने कोयना भागात खोल विवरे पाडली, ती भूकंप होतो तिथला खडक जवळून बघण्यासाठी. तारीख काढण्यासाठी नव्हे.

अणूंच्या जगात तर अज्ञानाचा मुद्दाच निकालात निघतो. किरणोत्सारी पदार्थाचा निम्मा भाग किती काळात झिजेल ते पक्के सांगता येते, पण कोणता अणू आता फुटेल याचे कारणच कुठे लपलेले सापडत नाही. जीवशास्त्रातही १९४३ मध्ये ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी दाखवले, की जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूला तोंड देणारे त्यांच्यातले बदल तो समोर येण्याआधीच, आपसूक घडलेले असतात.

उरला बाजार. तिथली अडचण या सगळ्यांहून निराळी आहे, कारण अंदाज ऐकून लोक वागणे बदलतात. गेल्या वर्षी बटाट्याला दर मिळाला की बेळगाव तालुक्यात यंदा लावण वाढते, काढणीला दर पडतो, पुढच्या वर्षी लावण घटते आणि दर पुन्हा चढतो. अर्थशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात याला कोळी किड्याच्या जाळ्याचे (कॉबवेब) नाव दिले. शेतकरी दराला जितक्या जोरात प्रतिसाद देतात त्यापेक्षा गिऱ्हाइकाची मागणी कमी हलणारी असेल, तर हे हेलकावे दरवर्षी मोठे होत जातात. लावणीआधी ‘यंदा दर चढणार’ असे सर्वांना सांगितले आणि सर्वांनी ऐकले, तर तो अंदाज तेवढ्यानेच खोटा ठरतो. ग्रहणाला पंचांग वाचता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. म्हणून बटाट्याच्या दराचा अंदाज लावण संपल्यावर, काढणीच्या तोंडावर घेतलेला बरा. तोवर क्षेत्र ठरून गेलेले असते आणि हिशेबात उरतात तीनच गोष्टी: करपा किती पडला, काढणीत पाऊस किती आला आणि इंदूर-आग्र्याचा माल यार्डात कधी उतरतो.