एकाच शहरातले दोन पाऊस

26 जुलै 2005 चा पाऊस आठवताना मुंबईकर 944 मिलिमीटरचा आकडा हटकून सांगतो. तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा आहे. तिथून सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच चोवीस तासांत अवघा 73 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, म्हणजे पावसाळ्यात कुलाब्याला नवल वाटू नये इतकाच. पावसाच्या नोंदी ठेवण्याचा छंद असलेल्या माझ्यासारख्याला या दोन आकड्यांतले अंतर त्या मोठ्या आकड्यापेक्षाही अधिक विचार करायला लावते.

त्या दिवशी पश्चिम किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा होता, अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे जोरात येत होते आणि दुपारनंतर उत्तरेकडच्या उपनगरांवर प्रचंड उंचीचे गडगडाटी ढग एकामागून एक उभे राहत गेले. अशा ढगाचा पाऊस देणारा गाभा काही किलोमीटर रुंदीचाच असतो. एक ढग तासाभरात ओसरतो खरा; पण वाऱ्यांची घडी तीच राहिली आणि बाष्पाचा पुरवठा तुटला नाही, तर त्याच जागी नवा ढग वाढतो आणि पाऊस तिथेच साचत जातो. त्या वेळी मुंबईत पावसाचे ढग आणि त्यांची हालचाल दुरून टिपणारे डॉप्लर रडार नव्हते. शहरात दोन वेधशाळा होत्या आणि त्यांतली एक ढगाखाली होती, दुसरी नव्हती. पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले गेले, ते या अनुभवातूनच.

मिलिमीटर म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले की या आकड्यांचे वजन कळते. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक लिटर पाणी पडले, तर तो एक मिलिमीटर पाऊस. हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचे तोंड 200 चौरस सेंटिमीटरचे असेल, तर एका मिलिमीटरला त्याच्या बाटलीत 20 मिलिलिटर पाणी जमते. हौशी निरीक्षक सकाळी ते मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरतो आणि पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला असतो म्हणून मधल्या खोलगट भागाची रेघ वाचतो. अशा मापकातली 4 लिटरची बाटली 200 मिलिमीटरलाच काठोकाठ भरते. सांताक्रूझच्या त्या पावसाचे पाणी याच तोंडाच्या मापकात जवळजवळ 19 लिटर भरले असते! म्हणून मोठ्या पावसात मध्येच उठून, भिजत जाऊन, बाटली मोजून रिकामी करावी लागते आणि तो आकडा लगेच वहीत टिपून ठेवावा लागतो.

वेळेची शिस्तही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. म्हणूनच लोकांच्या स्मरणातला 26 जुलैचा पाऊस सरकारी नोंदीत 27 जुलैच्या रकान्यात सापडतो. घरच्या वहीची वेधशाळेच्या आकड्यांशी तुलना करायची असेल, तर हीच वेळ पाळलेली बरी. मध्यरात्री ते मध्यरात्र असा हिशेब ठेवला की दोन्ही नोंदी जुळेनाशा होतात.

वादळात मात्र कितीही काळजी घेतली तरी मापक कमीच सांगतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर गेला होता. अशा वाऱ्यात थेंब तिरपे, कधी जवळजवळ आडवे येतात, मापकाच्या काठाशी हवेचा भोवरा तयार होतो आणि बरेच थेंब नरसाळ्यावरून पुढे निघून जातात. गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या मापकात ही तूट आणखी वाढते. म्हणून मापक जमिनीवर, काठ साधारण 30 सेंटिमीटर उंचीवर राहील असा आणि भिंती-झाडांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावा. शहरात एवढी मोकळी जागा क्वचितच मिळते. तेव्हा मापक कुठे ठेवला आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे.

डोंगराळ भागात तर दोन गावांमधला फरक एखाद्या दिवसापुरता नसतो, तो कायमचाच असतो. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडतात. पलीकडे उतरणारी हवा पुन्हा तापते, तिच्यातले ढग विरतात आणि पायथ्याच्या वाईला वर्षभरात 700 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस मिळतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरने एका दिवसात 594 मिलिमीटर नोंदवला, म्हणजे वाईच्या वर्षाच्या पावसाचा बहुतेक वाटा चोवीस तासांत.

चोवीस तासांच्या बेरजेत पावसाचा जोर मात्र हरवतो. दिवसभर रिपरिप पडलेला 100 मिलिमीटर पाऊस शेतात मुरतो, तर तोच तासाभरात कोसळला की ओढ्याला पूर येतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला आलेला पूर काही तासांच्या पावसाचाच होता. म्हणून बेरजेशेजारी सर कधी सुरू झाली, कधी थांबली, गारा पडल्या का, वारा कोणत्या दिशेने फिरला, हेही लिहावे. कोरड्या दिवशी रकाना रिकामा न सोडता शून्य लिहावे, कारण वर्षांनी वही चाळणाऱ्याला रिकाम्या रकान्यावरून पाऊस पडला नव्हता की निरीक्षक गावाला गेला होता, ते कळत नाही.